एकशे अठरा वेळा हो

५ ऑक्टोबर, गुरुवार

सर्व्हर सकाळपासून बंद. ओट्यावर पंधरा-वीस जण, सगळे पीकविम्याची तक्रार टाकायला आलेले. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवा म्हणतात, आणि त्यातले किती तास पडद्यावरचं ते गोल चक्र बघण्यात जातात ते कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं सर्व्हर म्हणजे मीच. "वैशाली, आज काऊन बंद हायेस?" असंच म्हणतात.

दुपारी रज्जाकचाचा आले. माझ्या सेवा केंद्राच्या भिंतीला लागून त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, आणि नाल्यापलीकडे सहा एकर कपाशी. हातात पाच हिरवी बोंडं. काउंटरवर ठेवून एकेक फोडलं. चारांत गुलाबी अळी. मग मला म्हणाले, कंपनीचं ते पीक दाखवणारं ॲप उघड. उघडलं. त्यांचं शेत हिरवंगार, वर अंगठ्याचं चित्र. "आपले पीक निरोगी आहे."

"बेटी, हे मोबाइलातलं वावर कोनाचं हाये? मले तिथंच कापूस येचाले पाठव."

ओटा हसला. मीही हसले, पण मनातून खजील झाले. हे ॲप जूनमध्ये गावात मीच आणलं. एकशे अठरा शेतकरी मी नोंदवले. बक्षीस म्हणून कंपनीने रंगीत प्रिंटर दिला, तो समोरच आहे. झाकून ठेवते रुमालाने.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सर्व्हर चालू. एकवीस तक्रारी टाकल्या. पाठ मोडली.

कंपनीला ॲपमधूनच कळवलं की पीक निरोगी नाही. उत्तर लगेच आलं: "आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे." माणूस नाहीच तिकडे, यंत्रच बोलतंय.

११ ऑक्टोबर, बुधवार

आज माझ्या मोबाइलवर चार फोन. चारही वेळा एकच मुलगी, हिंदीत. दर वेळी वेगळ्या शेतकऱ्याला मागते. "रज्जाक शेख जी से बात हो सकती है?"

यात मला काही नवल वाटलं नाही. गावातले निम्मे नंबर रिचार्ज संपला की मरतात. ज्या घरात एकच फोन, तो मुलगा पुण्याला कामावर घेऊन गेलेला. म्हणून कुठल्याही अर्जात मी माझाच नंबर टाकते. ओटीपी माझ्याकडे येतो, मी भरते, काम होतं. तालुक्यातले सगळे केंद्रवाले असंच करतात. संग्रामपूरला प्रशिक्षण झालं तेव्हा तिथल्या बाईनेही हेच सांगितलं होतं, वेळ वाचतो म्हणून. मी तर गावाची टपालवाली. फोन आला की निरोप देते.

चाचांना भिंतीवरून फोन दिला. पाच मिनिटं ऐकत राहिले. परत देताना चेहरा उतरलेला.

"ते पोरगी म्हनते, तुमच्या वावरात अळी हाये, बोरले पानी कमी हाये, जमीन सोलरले देऊन टाका तीस साल. बेटी, माह्या बोंडात अळी हाये हे तिले कसं मालूम? मले तं आता समजलं."

मी म्हटलं, अंदाजाने बोलत असेल. सगळीकडेच अळी आहे.

"अन् गट नंबर? तोबी अंदाजानंच?"



१६ ऑक्टोबर, सोमवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी दोघे जण गाडीतून उतरले. सोलर कंपनीचे सर्वेक्षणवाले, गळ्यात ओळखपत्रं. पेनड्राइव्ह दिला, म्हणाले नकाशा रंगीत काढून द्या, तालुक्याला रंगीत प्रिंट मिळत नाही, इथे मिळते असं कळलं. कंपनीच्याच प्रिंटरवर कंपनीच्याच भावंडाचं काम. मी खुशीत कागद घातला.

पहिलं पान नकाशा. आमचं शिवार. नाला ओळखला, विहार ओळखलं, चाचांचा गट ओळखला. पिवळा. खाली उपग्रहाच्या फोटोची तारीख, सप्टेंबरची. म्हणजे आपल्याला हिरवा अंगठा दाखवत होते तेव्हा तिकडे पिवळा रंग भरून झाला होता.

दुसरं पान यादी. नाव, गट नंबर, "पिकाची स्थिती: कमकुवत", "पाण्याची स्थिती: अपुरी", "जमीनविषयक संपर्कास संमती: होय". शेवटच्या रकान्यात मोबाइल. एकेचाळीस नावं आणि एकेचाळीस वेळा माझा नंबर.

प्रिंटर कागद ओकत होता आणि मी माझाच नंबर वाचत होते. एक प्रत जास्त काढली. चोरी म्हणा हवं तर. पैसे देताना त्यातला एक म्हणाला, "मॅडम, छान प्रिंट येते तुमच्याकडे."

१७ ऑक्टोबर, मंगळवार

केंद्र दुपारी बंद ठेवलं. ॲपच्या अटी उघडल्या. इंग्रजीत, सरकवत गेलं तर संपत नाहीत. जूनमध्ये मी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत सरकवलं आणि खालच्या चौकटीत टिक केली. एकशे अठरा वेळा. एकदाही वाचलं नाही. बी.कॉम. झालेली बाई मी.

आज डिक्शनरी घेऊन वाचलं. सतराव्या कलमात सापडलं: पिकाची, जमिनीची, पाण्याची माहिती "सहयोगी संस्थांना" देता येईल, आणि त्या संस्था "जमीनविषयक योजनांसाठी" संपर्क करू शकतील. "सहयोगी" म्हणजे कोण ते कुठेच नाही.

जूनमध्ये कंपनीचा प्रणव आला होता, पुण्याचा, गोड बोलणारा. मी विचारलं होतं, हे सातबारा, लोकेशन, कशाला लागतं? हसून म्हणाला, "मॅडम, गावात कुठे काय खासगी असतं?" तेव्हा मीही मान डोलावली होती. खरंच आहे ना, आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना कळतं. पण गल्लीला माझं कळतं तेव्हा मलाही गल्लीचं कळतं. या कंपनीचं मला काय कळतं? मालकाचं नावसुद्धा नाही. जो माणूस आमच्या फाट्यावर कधी उतरला नाही त्याला चाचांचं कोणतं बोंड सडलं ते ठाऊक, आणि चाचांना मात्र हिरवा अंगठा. याला म्हणे शेतकऱ्याची सेवा.

राग आलाय. त्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

१८ ऑक्टोबर, बुधवार

चाचांना सगळं सांगितलं. यादी दाखवली. ओरडतील वाटलं. ते वायंडिंगची तार गुंडाळत बसले. मग बीटी कपाशीची गोष्ट काढली.

पहिल्यांदा बीटीचं पाकीट आलं तेव्हा त्यात एक छोटी पुडी असायची, साध्या बियाण्याची. शेताच्या कडेने लावायची. का, ते पाकिटावर बारीक अक्षरात. कुणी वाचलं नाही, कुणी सांगितलं नाही. दुकानदार म्हणायचा, फेकून द्या, त्याला बोंड धरत नाही. लोकांनी फेकली. चाचांनीही फेकली. आता म्हणतात, ती लावली असती तर अळी तिच्यावर जगली असती, बीटीवर इतक्या लवकर शिरजोर झाली नसती.

"गुन्हा आमचा बी हाये. पन बारीक अक्षरात लिवनाराचा जास्त. त्याले मालूम असते का आमी वाचत नाही."

मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रणवला फोन. सहाव्यांदा उचलला.

म्हटलं, शेतकऱ्यांची माहिती सोलरवाल्यांना दिलीत. म्हणाला, संमतीने दिली. म्हटलं, संमती कुणी दिली?

"तुम्हीच तर ओटीपी दिलेत मॅडम. एकशे अठरा."

तोच पुढे म्हणाला, काढून घ्यायची असेल तर सोपं आहे, ॲपमध्ये जा, "संमती मागे घ्या", नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येईल, तो टाका. "नंबर तुमचाच आहे ना?" आणि हसला. ते हसणं अजून कानात आहे.

आधी चाचांना विचारून त्यांची संमती काढली. दोन मिनिटं लागली. मला वाटलं, बस, हे तर हातचं काम! बसल्या बसल्या अजून अकरा काढल्या. यादीत वरून खाली. एकेक नाव खोडताना छातीवरचा दगड उतरत होता.

उद्या उरलेल्या.

२१ ऑक्टोबर, शनिवार

काल नेट नव्हतं. बरंच झालं नव्हतं ते.

सकाळी सुमनकाकू आल्या. साठीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुली सासरी. चार एकर कपाशी, मजूर मिळत नाही म्हणून निम्मी वेचायची राहिलेली, उरली ती अळीने खाल्लेली. पायरीवर बसल्या.

"वैशाले, त्या सोलरवाल्या पोरीचा फोन आला काय माह्यासाठी? मागं तुह्याच फोनवर बोलली, गुरुवारी करतो म्हने ते."

मी फुशारकीने सांगितलं, काकू, नाव काढलं मी तुमचं. आता तो त्रास नाही.

त्या उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"कोनाले इचारून काढलं? मी त्या फोनची वाट पाहून राह्यली! माह्यानं आता निंदन होत नाही, फवारा पाठीवर घेववत नाही. त्यायले देतो म्हनलं तं चार घास बसून खाईन. अन् तू काढलं? तू मले इचारलं काऊन नाही?"

मी म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच...

"भलं त्या कंपनीनंबी केलं माह्यं. न इचारताच केलं."

निघून गेल्या. पिशवी विसरल्या. पिशवी घेऊन मागे पळायचीही मला लाज वाटली, नवऱ्याला, मिलिंदला पाठवलं.

जूनमध्ये न विचारता हो म्हटलं. आता न विचारता नाही म्हटलं. बोट तेच. प्रणव हसला ते बरोबरच हसला.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना. पांढरी साडी नेसले, पण मन लागलं नाही. भन्तेजी सम्यक वाचेबद्दल बोलत होते आणि मी ओटीपी मोजत होते.

सुमनकाकूंनी पाठ फिरवली. चूक माझी आहे, कबूल. पण रडत बसणाऱ्यातली मी नाही. ठरवलं ते असं:

एकशे अठराही घरी स्वतः जायचं. कलम सतरा आमच्या बोलीत वाचून दाखवायचं. नकाशा दाखवायचा. मग ज्याला संमती ठेवायची त्याने ठेवावी, ज्याला काढायची त्याची काढायची. आणि जिथे जिथे माझा नंबर आहे तिथे त्यांचा स्वतःचा टाकायचा. नंबर नसेल तर घ्यायला लावायचा. बंद पडला तर बंद पडला, पण त्यांचा.

आधी त्या अकराजणांकडे जायचं. काकू सगळ्यात आधी.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

काकूंनी दार उघडलं, चहा केला नाही. मी सगळं सांगितलं, जूनपासून. माफी मागितली. म्हटलं, परत नोंदवायचं असेल तर आत्ता नोंदवते, तुमच्या नंबरावर.

"माह्याजोळ फोन नाही."

मग घ्या, म्हटलं.

"पाहू."

इतकंच. उरलेल्या दहांपैकी सहा म्हणाले काढलंस ते बरं केलंस. तिघे म्हणाले परत टाक. एकजण म्हणाला, "मले काय समजते, तुले जे वाटते ते कर." या वाक्याचीच मला आता भीती वाटते. त्याला म्हटलं, मला काही वाटत नाही, तुम्ही सांगा. अर्धा तास बसवून ठेवलं बिचाऱ्याला. शेवटी म्हणाला, ठेव बंदच.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

चौतीस घरं झाली. संध्याकाळी पाच ते सात, रोज. सतरावं कलम आता पाठ आहे. "तुमच्या वावराची, पिकाची, पान्याची माहिती आमी आमच्या सोयऱ्याधायऱ्या कंपन्यायले देऊ." सोयरेधायरे म्हटलं की लोक लगेच विचारतात, कोन सोयरे? बघा, इंग्रजीत वाचताना मला हा प्रश्न सुचला नव्हता.

पाय दुखतात.

८ नोव्हेंबर, बुधवार

मिलिंदशी भांडण. तो वीज खात्यात कंत्राटी वायरमन. त्याचं म्हणणं, सोलर आलं तर बिघडलं काय? दिवसा वीज मिळेल, लोक रात्री पाणी द्यायला सापाविंचवात जाणार नाहीत.

मी त्याच्यासमोर सोलरवाल्यांचं पत्रक ठेवलं. चकचकीत कागद. त्यावर लिहिलंय, या प्रकल्पाची वीज शहरातल्या मोठ्या डेटा सेंटरला जाणार, "शंभर टक्के हरित". डेटा सेंटर म्हणजे काय, तर जगाचे फोटो नि हिशेब साठवणारी यंत्रांची कोठारं. आमच्या पंपाला त्यातलं एक युनिट नाही. म्हटलं, सांग, वायर कुठून कुठे जाते?

त्याने कागद उलटा करून रेघा काढल्या. वावरातून उपकेंद्र, तिथून मोठी लाइन, तिथून बाहेर. गाव मध्ये कुठेच नाही. स्वतःच काढलेल्या रेघांकडे बघत राहिला.

मी काही उन्हाच्या विरोधात नाही. विहाराच्या छपरावरच्या दोन सोलर प्लेटा मीच भांडून बसवून घेतल्या. पण चाचांच्या सडक्या बोंडाचे फोटो साठवायला जी वीज लागते तीही चाचांच्याच वावरातून न्यायची, आणि चाचांनी मोटार मात्र रात्री दोनला चालू करायची, हे कुठलं हरित? बड्या कंपन्यांना आपली पाटी हिरवी करून घ्यायची आहे. त्यांच्या पाटीचा रंग आमच्या जमिनीतून काढणार.

मिलिंद शेवटी म्हणाला, "तरीबी, सुमनकाकूनं काय करावं ते सांग."

९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिंटर कंपनीला परत पाठवला. खोक्यात भरून, बसमधून, जळगाव जामोदच्या कुरिअरवाल्याकडे. जड होता. रंगीत प्रिंटला आता लोक तालुक्याला जातील नि मला बोलतील. बोलू देत.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीत कुणी घरी सापडत नाही, आणि सापडलं की फराळाला बसवतात. काम रखडलं. आजवर एकूण एकसष्ट. बेचाळीसजणांनी काढली, एकोणीसजणांनी ठेवली. ठेवणाऱ्यांवर मी रागावत नाही. प्रयत्न करते न रागावण्याचा.

चाचांची पहिलीच वेचणी शेवटची ठरणार. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरतो म्हणतात.

५ डिसेंबर, मंगळवार

जिल्ह्यावरून फोन. केंद्रांवर देखरेख करणारे साहेब. तक्रार आलीये की मी शेतकऱ्यांना "डिजिटल सेवांविरुद्ध भडकावते". आयडी तात्पुरता बंद होऊ शकतो.

म्हटलं, तक्रार कुणाची? म्हणाले, ते सांगता येत नाही, गोपनीय आहे.

हसूच आलं मला. एकशे अठरा माणसांचं बोंड न् बोंड उघडं, आणि तक्रारदाराचं नाव तेवढं गोपनीय.

फोन ठेवल्यावर मात्र बसूनच राहिले. आयडी गेला तर केंद्र गेलं. शिलाईमशीनवरून उठून मी इथवर आले. गावातली पहिली बाई, जिच्याकडे सरपंचही रांगेत उभा राहतो. परत ब्लाउज शिवत बसायचं नाही मला.

६ डिसेंबर, बुधवार

महापरिनिर्वाण दिन. केंद्र बंद. मेणबत्त्या लावल्या.

लेखी उत्तर लिहिलं. भडकावलं नाही, वाचून दाखवलं. वाचून दाखवणं गुन्हा असेल तर कुठल्या कलमाखाली ते कळवावं. दोन सह्या केल्या, एक इंग्रजीत एक मराठीत. मिलिंद म्हणाला, "लय कडक झालं." तसंच पाठवलं.

२१ डिसेंबर, गुरुवार

उत्तराला उत्तर नाही. आयडी अजून चालू. रोज सकाळी आधी लॉगिन करून बघते, मगच झाडू हातात घेते.

ब्याण्णव घरं.

९ जानेवारी, मंगळवार

एकशे सतरा झाली. एकशे अठरावे वारले, त्यांची मुलं ठरवत नाहीत. माझा नंबर आता कुठेच नाही, त्या एका जागी सोडून.

पण सोलरवाले थांबलेले नाहीत. ठेवणाऱ्यांना सरळ फोन जातात आता, त्यांच्या त्यांच्या नंबरावर. महिनाअखेर गावात शिबीर. भाडेपट्ट्याची संमतीपत्रं, अंगठा आणि ओटीपी. अंगठ्याचं मशीन पंचक्रोशीत फक्त माझ्याकडे. म्हणजे शिबीर माझ्याच केंद्रात. सरपंचांनी परस्पर हो म्हणून टाकलं. इथेही परस्परच.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन, मग ग्रामसभा. मी उभी राहिले.

म्हटलं, मशीन देईन, बसेनही. एकच अट. संमतीपत्र आधी पूर्ण वाचलं जाईल, आमच्या बोलीत, प्रत्येकासमोर. एकही ओळ न गाळता. नाहीतर मशीन कपाटात.

कुणीतरी मागून ओरडलं, "हिले सोलर नको म्हून नाटकं!" दुसरा म्हणाला, "तुले पगार हाये नवऱ्याचा, आमाले काय?" हे लागलं. खोटं नाही म्हणून जास्त लागलं.

चाचा उठले. मी सोलरले जमीन देत नाही, म्हणाले, माह्यं ठरलं हाये. पन ज्याले द्याची हाये त्यानं तं नक्कीच ऐकलं पाहिजे. मले काय, मी ऐकालेबी येईन.

ठराव मंजूर झाला. थोडक्या मतांनी.

३० जानेवारी, मंगळवार

शिबीर. सकाळी नऊलाच ओटा भरला. कंपनीचे तिघे आले, त्यांत प्रणवही. आता सोलरचंही तोच बघतो म्हणे. सोयरेधायरे कळले शेवटी. माझ्याकडे बघून म्हणाला, "कशा आहात मॅडम?" मी म्हटलं, वाचतेय.

पत्र अकरा पानांचं, इंग्रजी. मराठी मागितलं तर म्हणाला कायदेशीर भाषांतर नंतर येईल. मग ठरावानंतर सरपंचांकडून मिळालेल्या प्रतीवरून मीच रात्रीच्या जेवणाआधी तीन दिवस बसून केलेलं काढलं. त्याने ते चाळलं, एक-दोन शब्दांवर बोट ठेवलं, पण चूक म्हणाला नाही.

पहिला नंबर सुमनकाकूंचा. ऑक्टोबरनंतर त्या केंद्रात पहिल्यांदा. नवी नऊवारी, हातात छोटा फोन, बटणांचा. संग्रामपूरच्या बाजारातून घेतलेला, सिमही स्वतःच्या नावावर. माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीवर बसल्या, अंगठा पदराला पुसला.

"वाच."

वाचलं. पाऊण तास. मागे रांगेत कुरबुर सुरू झाली, कुणी तंबाखू मळली, कुणी घरी जाऊन आलं. काकू हलल्या नाहीत. नवव्या कलमाशी आले: कंपनी हा पट्टा मालकाला न विचारता दुसऱ्या कंपनीकडे देऊ शकेल.

"थांब. ते पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं.

"म्हंजे मी याले देल्लं," प्रणवकडे हात केला, "अन् यानं कोनालेबी देल्लं, मले न इचारता?"

हो, म्हटलं. प्रणव म्हणाला, आजी, ही फक्त पद्धत असते, प्रत्येक करारात असतं.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "पुढचं वाच." शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी मशीनवर अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. मी पडद्यावर ओटीपीची चौकट उघडली.

त्यांचा फोन वाजला. ओटीपी. आयुष्यातला त्यांचा पहिला, त्यांच्या स्वतःच्या हातात आलेला.

सवयीने माझा हात पुढे गेला. इतकी वर्षं जातोच तो. काकूंनी फोन छातीशी धरला, वरून पदर घेतला.

"तुले काऊन दाखवू?"

रांग हसली. मला रडू आलं आणि हसूही, काय आलं ते कळलं नाही. हात मागे घेतला.

"कितीक वेळ चालते हा नंबर?"

दहा मिनिटं, म्हटलं.

उठल्या. म्हणाल्या, घरी जातो, कपाशीकडे एक चक्कर मारतो, इचार करतो. पायऱ्या उतरल्या. प्रणव खुर्चीतून अर्धा उठला, "आजी, वेळ संपेल, परत अंगठा द्यावा लागेल!"

"मंग परत देईन," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "नाहीतं नाही देनार."

पडद्यावर चौकट रिकामी, शेजारी सेकंद उलटे पळताहेत. प्रणव म्हणाला, मॅडम, काहीतरी करा. मी म्हटलं, करण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. आणि पुढचा माणूस बोलावला, संमतीपत्राचं पहिलं पान काढलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

काकू संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. उद्या दुसरा दिवस आहे शिबिराचा.